डिस्कचा नंबर बदलला तेव्हा

पेठेत हमरस्त्याला लागून आमचा फोटो स्टुडिओ होता. डिजिटल कॅमेरे आले तसा आम्ही कॉम्प्युटर घेतला. फोटो काढायचे ह्यांनी, कॉम्प्युटर बघायचा मी. व्हायरसनं एकदा एका साखरपुड्याचे सगळे फोटो खाल्ले, तेव्हा पुण्यात इंजिनीअरिंग शिकणाऱ्या माझ्या दिरानं कॉम्प्युटरवर विंडोजच्या जागी लिनक्स टाकून दिलं.

ऐन लग्नसराईत जागा संपली, म्हणून रिपेअरवाल्याकडून तिसरी हार्डडिस्क बसवून घेतली. दुसऱ्या दिवशी मशीन लावलं. नेहमीचा मेनू आला, एंटर दाबलं आणि काळ्या पडद्यावर एररची एक ओळ उमटून सगळं थांबलं. परत लावलं, तेच. रिपेअरवाल्याला फोन केला.

"फॉरमॅट मारावं लागंल, ताई."

"आणि फोटो?"

"ते जातील."

ह्यांना सांगावं तर ते घोडेगावला लग्नात. तेवढ्यात दारात एक बाई आणि तिचा भाऊ येऊन उभे राहिले. निमगाव साव्याहून आले होते, मेंढरं राखणारं घर. बाईचा नवरा मेंढरं रस्त्यापल्याड नेताना ट्रकखाली गेला होता.

"उद्या दहावं हाय," भाऊ म्हणाला. "दाजींचा एक बी फोटो घरात न्हाई. आमच्या गावच्या लग्नात तुमी शूटिंगला व्हता. त्यात असंल कुठं तरी."

ते फोटो त्याच मशीनमध्ये होते. "मशीन बिघडलंय, बघते," एवढंच म्हणाले. फोटो गेलेही असतील, हे तोंडातून निघेना. बाई भिंतीकडेच्या बाकावर टेकली आणि माझ्या हातांकडे बघत राहिली.

दिराच्या होस्टेलवर फोन लावला. त्याला बोलावून आणेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता. सगळं ऐकून तो म्हणाला, "वहिनी, मशीन सुरू करून देणारा प्रोग्रॅम डिस्क ओळखत नाही, नुसता मोजतो. तेही शून्यापासून. लिनक्स आणि फोटो एकाच डिस्कवर आहेत, ती दुसरी, म्हणजे एक नंबर होती. नवी त्या दोन डिस्कच्या मध्ये घातली असेल, तर एक नंबरवर आता कोरी डिस्क आहे. तो तिथं शोधतोय."

"म्हणजे फोटो आहेत ना?"

"असावेत."

फोनची वायर कीबोर्डपर्यंत पुरेना. मी रिसीव्हर बाईच्या भावाच्या हातात दिला. तो ऐकून मोठ्यानं सांगू लागला.

"ते म्हणत्यात, सी दाबा. आता फाइंड लिवा. म्होरं तिरकी रेघ..."

लिनक्सच्या फाइलचं नाव एकेक अक्षर करत लिहिलं. एंटर मारलं. खाली कंसात उत्तर आलं: एचडी दोन, स्वल्पविराम, शून्य. मी ते मोठ्यानं वाचलं, भावानं फोनवर सांगितलं.

"सापडली म्हणत्यात! तिसरी डिस्क, तिचा पयला भाग."

मेनूत एकाच्या जागी दोन लिहिलं. पडद्यावर ओळी धावल्या आणि पुन्हा थांबल्या. शेवटची ओळ मी फोनकडे ओरडून वाचली. बाई उठून उभी राहिली.

"घाबरू नका म्हणत्यात. लिनक्सची मोजणी येगळी. त्याला नंबर न्हाई, अक्षार लागतं. कंच्या वायरीवर जोडली त्यावर हाय. बी काढून सी करा."

सी केलं. पुन्हा अडकलं. मग डी. ओळी धावत राहिल्या, धावत राहिल्या आणि लॉगिनचा पडदा आला.

लग्नाचे फोटो एकेक सरकवू लागले. नवरानवरी, मांडव, आहेर, पंगती. बाई प्रत्येक फोटोला नाही म्हणत होती, तिचा माणूस काही दिसेना. निम्म्याहून जास्त झाले तशी मला वेगळीच धास्ती लागली, की डिस्क सापडली आणि हा माणूसच फोटोत नसला तर?

"थांबा," बाई म्हणाली.

पंगतीच्या कडेला आमटीची बादली घेऊन एकजण वाकला होता. फेटा मागं सरकलेला, कुणाच्या तरी बोलण्यावर हसत होता.

"ह्येच."

"फक्त चेहरा कापून मोठा करते," मी म्हणाले.

बाईनं पदरानं तोंड पुसलं. "बादली ऱ्हाऊ द्या. वाढायला लई आवडायचं त्यांना."

मी होता तसाच फोटो छापला. भावानं तो शर्टाच्या आत, छातीशी धरला आणि दोघं नारायणगावच्या एसटीकडं निघाले. त्यानंतर सगळे फोटो सीडीवर उतरेपर्यंत मी ते मशीन बंद केलं नाही.