मुरलेली माती

सुन-नाम चढावरचं घर सोडून मुलाच्या फ्लॅटवर राहायला आली, तेव्हा सामानात सगळ्यांत जड होता तो मातीचा रांजण. मुलाने, ग्यू-होने, तो पाठीवर घेऊन कुरकुर न करता वर आणला. आत आईच्या हातचं दोएनजांग असणार, सोयाबीनचं मुरलेलं वाटण. असा रांजण कोणी मागे ठेवतं का? सुन-नामनेही काही खुलासा केला नाही.

सून मी-ओक दुसऱ्या सकाळी डाव घेऊन गॅलरीत गेली. झाकण उचललं आणि तशीच उभी राहिली.

"आई, दोएनजांगमध्ये गांडूळ आहे."

"एकच? बाकीची खाली गेली असतील."

मी-ओकने डाव खाली ठेवला. हसावं की रागवावं, तिला समजेना. सुन-नाम ओशाळून पाय ओढत आली आणि रांजणाशेजारी बसली.

बुसानच्या त्या चढावर तिच्या गच्चीत रबरी टबांमध्ये मिरच्या आणि लेट्यूस पिकायचं. माती ग्यू-होचे बाबा करायचे. ते कालवं सोलण्याच्या शेडवर कामाला होते. तिथले शिंपले आणून पावसात पडू द्यायचे, मीठ धुऊन जावं म्हणून, मग पायरीवर बसून कुटायचे. डोंगरावरची ओकची कुजकी पानं, भाजलेलं भाताचं तूस आणि हा चुरा. सगळं कालवून हिवाळाभर झाकून ठेवायचे आणि येता-जाता मूठभर आवळून बघायचे. गोळा व्हायला हवा, पण बोट लावलं की सुटायला हवा. तसा सुटला की म्हणायचे, "मुरली." एवढंच बोलायचे कधीकधी दिवसभरात.

ते गेल्यावर तिने नवी माती केली नव्हती. आता चढावरची घरं पाडायला घेतली होती. त्यांच्या शेवटच्या ढिगातलं मावेल तेवढं तिने या रांजणात भरून आणलं होतं.

गॅलरीत मी-ओकने बाजारातून आणलेली मिरचीची रोपं कोमेजत होती. तिने रांजणाकडे पाहिलं, मग सासूकडे.

"यात लावू या?"

"त्यात नको." सुन-नामने झाकणावर हात ठेवला. "लावली की संपेल."

"आणि नाही लावली तर? वरची माती सुकलीय, आई. ते गांडूळही कडेला चिकटलंय."

मी-ओक आत गेली आणि फ्रिजमधून काळ्या पाण्याची एक बाटली घेऊन आली.

"हा माझ्या आईचा सोया सॉस. तिचा म्हणजे तिच्या आईचा. दरवर्षी नवा केला की आई जुन्यातला थोडा त्यात ओतते, विरजणासारखा. आजी जाऊन इतकी वर्षं झाली. मला सांगा, तिचा सॉस संपलाय का?"

सुन-नामने बाटलीला नाक लावलं. बराच वेळ.

दुपारी दोघी इमारतीमागच्या कुंपणाखालची कुजकी पानं गोळा करून आल्या. वाटेत तुसाची पिशवी घेतली. गॅलरीत वर्तमानपत्रं पसरली. सुन-नामने हाताला आलेली चाळणी उचलली.

"ती पिठाची आहे."

"होती."

ढीग तयार झाला. सुन-नामने रांजणात हात घातला. कोपरापर्यंत घालून ती थांबली, जणू आतून कोणी हात धरला होता. मग ओंजळ बाहेर काढून नव्या ढिगावर उलटी केली. पुन्हा एक. गांडूळही गेलं.

कालवून झाल्यावर तिने मूठ आवळली. गोळा बोट लावूनही सुटेना.

"ओली राहिली," ती म्हणाली. "त्यांना लगेच कळायचं."

"द्या इकडे." मी-ओकने आणखी तूस टाकलं, पुन्हा कालवलं. या वेळी मूठ तिची होती. सुन-नामने सुनेच्या हातातल्या गोळ्याला बोट लावलं. तो अलगद फुटला आणि मी-ओकच्या तळव्यावर शिंपल्याची बारीकशी कपची चमकली.

"मुरली?" मी-ओकने विचारलं.

"आजच कशी मुरेल? रोपांपुरती चालेल." सुन-नामने ती कपची उचलून पुन्हा मातीत ढकलली. "आधी रांजण पुन्हा भरू, विरजणाला. मग कुंड्या."