शब्बाथाला आरवलेला कोंबडा

त्या दिवसांत माझा देवावर राग होता. हे आधी लिहितो, मग बाकीचं.

लोणावळ्यात आम्ही बेने इस्राएल, म्हणजे इथले मराठी यहुदी, आता मूठभर उरलो. काही मुंबईला गेले, बरेचसे इस्राएलला. आमच्यात जमातीच्या पुढाऱ्याला मुकादम म्हणतात, आणि तो मान आजोबांपासून आमच्या घरात आहे. मी चौथी शिकलेला माणूस, सुतारकाम करता करता म्हातारा झालो. हिब्रू प्रार्थना मराठी अक्षरांत लिहिलेल्या वाचतो. पण शब्बाथ, आमचा शनिवारचा विसाव्याचा दिवस, पाळावा तर मीच, असं छाती ठोकून सांगायचो. शुक्रवारी दिवस मावळला की शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत चूल नाही, दिवा नाही, फोन नाही.

मुलगा दानियल बायकापोरांना घेऊन इस्राएलमध्ये अश्दोदला राहतो. दर खेपेला म्हणायचा, "बाबा, इकडे या." मी म्हणायचो, "या मातीनं आपल्या वाडवडिलांच्या केसाला धक्का लागू दिला नाही. मी का येऊ?" मग तिकडे पुन्हा लढाई पेटली. ज्या देशाकडे तोंड करून आम्ही पिढ्यान्‌पिढ्या प्रार्थना केली, तिथंच माझी नातवंडं भोंगा वाजला की पळत होती. पलीकडच्या बाजूलाही लेकरंच मरत होती. मी देवाला विचारायचो, तू आहेस तरी कुठं? ओठ प्रार्थना म्हणत, मन मात्र बाहेर ओसरीवर जाऊन बसे.

एका शनिवारी सकाळची प्रार्थना नुकतीच उरकली होती. तीत एक ओळ आहे, कोंबड्याला दिवस आणि रात्र ओळखायची समज देणाऱ्या देवाचे उपकार मानायची. लहानपणापासून म्हणतोय, कधी मनावर घेतली नाही. आणि तेवढ्यात कपाटात कोंबडा आरवला.

नात सुट्टीत आली होती तेव्हा तिनं माझ्या फोनवर तिच्या बापाचा, दानियलचा, फोन आला की वाजावी म्हणून कोंबड्याची बांग लावून दिली होती. दर शुक्रवारी मी फोन बंद करून, रुमालात गुंडाळून कपाटातल्या डब्यात ठेवायचो. त्या शुक्रवारी बंद करायचा राहिला. आता बंद करायचा तरी त्याला हात लावावा लागणार, आणि हात तर लावायचा नाही.

बांग थांबली. पुन्हा सुरू झाली. मग माझ्या डोक्यात उजेड पडला. दानियल माझ्यासारखाच कडक. तोही शब्बाथाला फोनला शिवत नाही. मग त्याचा फोन कुणाच्या हातात आहे? दानियल गेला असेल तरच दुसरा कुणी त्याच्या फोनवरून मला कळवणार.

जीव वाचवायला शब्बाथ मोडावा, हा आमचा धर्मच आहे. मी स्वतः पोरांना शिकवलाय. तरी मी खुर्चीतून उठलो नाही. मनाला सांगत होतो, नियम आहे. खरं सांगतो, नियम नव्हता तो. भीती होती. फोन उचलला नाही तोवर माझा मुलगा जिवंत होता.

पुन्हा पुन्हा कोंबडा आरवत राहिला. तेवढ्यात दारात पारूबाई उभी. कार्ल्याची, शेतकरी घरातली, रोज पहाटे दूध घालून जाते ती थेट दुसऱ्या दिवशी येते. त्या दिवशी किटलीचं झाकण आमच्याकडे राहिलं म्हणून माघारी आली होती.

"आबा, कवाचं बोंबलतंय ते! बहिरं झालात का?"

मी खुर्चीचे हात धरून कपाटाकडे बघत राहिलो.

"आज शनवार व्हय! तुमचा देव शनवारी कान बी झाकतो का काय?" असं म्हणून हसली. मग तिनं माझं तोंड पाहिलं आणि तिचं हसू विरलं. मी काही सांगितलं नाही, मागितलं नाही. तिनं आपणच कपाट उघडलं, डबा काढला, रुमाल सोडला.

"हॅलो. मी पारू बोलतीया, दूधवाली... व्हय, हितंच हायत." ती ऐकत राहिली. मी डोळे मिटून 'शमा इस्राएल' म्हणू लागलो. मरताना म्हणतात ती प्रार्थना. कुणाच्या मरणासाठी म्हणत होतो ते मलाच ठाऊक नाही.

"आबा, डोळं उघडा. दानियलदादाच बोलतुया. जित्ता हाय!"

तिनं फोन माझ्या कानाला धरला. आणि मी हट्टी म्हातारा काय बोललो? "शब्बाथाला फोन केलास?"

तो रडत होता की हसत होता, कळेना. "बाबा, आमच्या इमारतीवर रॉकेट पडलं. स्वयंपाकघराची भिंत गेली. आम्ही सगळे आतल्या खोलीत होतो, नुसतं खरचटलंय. पण टीव्हीवर आमचीच इमारत दाखवतायत. कुणीतरी येऊन तुम्हाला सांगेल, आणि तुमचं हृदय तर असं..." मग म्हणाला, "जीव वाचवायला शब्बाथ मोडायचा, हे तुम्हीच शिकवलंत ना? मी तुमचाच वाचवतोय."

मी खुर्चीतच वाकलो. पारूबाई पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "रडा आबा. रडायला तुमच्यात शनवारची बंदी न्हाई ना?"

चांदण्या दिसल्यावर मी मलिदा केला. पोहे भिजवले, त्यात गूळ, खोबरं, वर फळं मांडली. आमच्या एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नावानं नवस फेडताना मलिदा करतात. संकटात हा प्रेषित धावून येतो असं म्हणतात. कोकणात खडकावर त्याच्या घोड्याची टाप उमटली आहे. मी जन्मभर त्या घोडेस्वाराची वाट पाहिली. तो किटलीचं झाकण विसरून माघारी येईल, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मलिद्याचं पहिलं ताट मी पारूबाईला नेऊन दिलं. तिनं चव घेतली आणि म्हणाली, "ग्वाड झालाय, पर गूळ हात राखून घातलाय तुमी."

तो चमत्कारच होता असा वाद मी घालणार नाही. झाकण विसरलं, ते विसरलं. पण मी देवाचा शब्बाथ राखतोय असा ताठा होता माझा, आणि त्या सकाळी शब्बाथाआड मी नुसता लपून बसलो होतो. ज्या देवानं आम्हाला राखायचं त्यानं तिकडे आतल्या खोलीत राखलं, इकडे दारात राखलं. माझ्या हाताची त्याला गरज पडली नाही.

आता शुक्रवारी मी फोन बंद करत नाही. रुमालात गुंडाळून डब्यात ठेवतो आणि ती ओळ म्हणतो, कोंबड्याला समज देणाऱ्याची. मग शनिवारभर कपाटाकडे कान लावून बसतो. आतून काहीच आरवत नाही. त्या शांततेचेही उपकार मानतो.