खत नको म्हणणारा दशरथ हिंगणे

आमच्या बिबवेवाडीच्या सोसायटीत माळ्याकडून लोकांची एकच अपेक्षा असते, झाड वाढलं पाहिजे. दशरथ हिंगणे हा माझ्या पाहण्यातला एकमेव माळी, जो झाड वाढू नये म्हणून राबायचा. सगळी झाडं नव्हेत, आमच्या उत्तरेकडच्या बाल्कनीतली फक्त अकरा.

ही अकरा झाडं माझ्या बायकोची, उल्काची. शाळेतून निवृत्त झाल्यावर ती मैत्रिणींबरोबर हिमाचलला गेली आणि तिथल्या एका रोपवाटिकेतून ही घेऊन आली. थंड डोंगरात, दगडांच्या फटीत वाढणारी जात. जाड पानांचा घट्ट मिटलेला गुच्छ, वाटीपेक्षा लहान. सोसायटीत त्यांना 'उल्काताईंचा कोबी' असंच नाव पडलं. पुण्याच्या हवेत ती महिनाभरही टिकणार नाहीत असं सगळे म्हणाले, आणि त्यात माझा आवाज सगळ्यांत मोठा होता. दशरथनं ती सहा वर्षं टिकवली.

दशरथ मूळचा हडपसरचा. वडिलांच्या वेळेला घरचं शेत होतं; आता तिथं कुठल्याशा कंपनीचं पार्किंग आहे. तरुणपणी तो पॉलिहाउस उभारणाऱ्या ठेकेदाराबरोबर चार वर्षं हिमाचलात राहिला होता. आमच्या कुंड्या पहिल्यांदा पाहिल्या तेव्हा खाली बसून बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "ही हितं कशी आली?" गावाकडचं माणूस परक्या शहरात भेटावं, तसा त्याचा चेहरा झाला होता. त्यानं मातीच बदलली. खडी, विटांचा चुरा, जाड वाळू, आणि माती अगदी नावापुरती. दर मंगळवारी सकाळी आठला यायचा, चपला दाराबाहेर काढायचा, एकेका कुंडीत बोट घालून ओल बघायचा आणि बहुतेक वेळा पाणी न घालताच जायचा. याला आपण पगार कशाचा देतो, असं मी उल्काला अनेकदा विचारलं आहे.

खत वर्षातून एकदा, जानेवारीत. तेसुद्धा हाडांचा चुरा, आगकाडीच्या गुलाएवढा, कुंडीच्या कडेनं. तो खरोखरच आगकाडी घेऊन बसायचा.

आता माझ्याबद्दल सांगायला हवं. मी विमा कंपनीतून निवृत्त झालेला, सोसायटीचा सेक्रेटरी. ओल्या कचऱ्याचं खत करण्याची महापालिकेची सक्ती आली, तेव्हा ते काम कुणी घेईना म्हणून मी घेतलं आणि मग मला त्याचं वेडच लागलं. बेचाळीस फ्लॅटचा कचरा जिरवून, चाळून, पिशव्या भरून मी घरोघर वाटायचो. लोक म्हणायचे, अनिरुद्धकाका, तुमच्या खतानं आमचा गुलाब नुसता पेटलाय. ऐकून मी आठवडाभर फुगलेला असायचो. आणि माझ्याच घरात, माझ्याच बाल्कनीत, माझ्या खताला प्रवेश नव्हता.

"साहेब, याला नको," दशरथ म्हणायचा.

"अहो, निदान एक मूठ घालून तर बघा."

"दगडात कोण घालतंय त्यांना खत? खाऊन माजतील आणि मरतील."

माझ्या खताला तो माज म्हणाला, हे मला लागलं. एवढीशी गोष्ट, पण लागली. खरं कारण तेवढंच आहे, पुढं मी स्वतःला काहीही सांगितलं असलं तरी.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत मुलीचं, शेफालीचं बाळंतपण निघालं. उल्का सहा आठवडे बंगळुरूला गेली. दुसऱ्याच दिवशी मी अकराही कुंड्यांत खत घातलं. खडी बाजूला सारून आत घातलं आणि वरून खडी परत पसरली, म्हणजे दिसू नये. चोरी कशी करावी हे मला कुणी शिकवायला लागलं नाही. शिवाय खत पाण्यात भिजवून ते पाणी एक दिवसाआड, दशरथच्या मंगळवारआधीचे दोन दिवस वगळून.

झाडं काय फुलली म्हणता! तीन आठवड्यांत दुप्पट झाली, हिरवीगार, पानं उघडून पसरलेली. मी फोटो काढून उल्काला पाठवले. तिनं फक्त विचारलं, "ही अशी सैल का दिसतायत? दशरथला दाखवा." दशरथला दाखवायची गरजच नव्हती. त्यानं मंगळवारी येऊन एक पान दाबलं आणि माझ्याकडे बघितलं.

"साहेब, काय घातलंय यांना?"

"पाणी," मी म्हणालो.

तो पाणी बंद ठेवा म्हणाला आणि घरून जुना टेबलफॅन आणून कुंड्यांसमोर लावून गेला. मार्चअखेर ऊन तापलं आणि आठ दिवसांत नऊ झाडं आतून सडली. हात लावला की गुच्छ देठापासून सुटून हातात यायचा, खाली काळा चिखल.

उल्का परतली ती बॅग न उघडताच बाल्कनीत गेली. कुंडीतली माती चिमटीत घेऊन तिनं वास घेतला. त्यात अंड्याच्या टरफलाचा तुकडा होता. "हे सोसायटीचं खत आहे. कुणी घातलं?"

मी म्हणालो, "तू नसताना दशरथच बघत होता."

या वाक्यात एक अक्षर खोटं नाही. चौतीस वर्षं विम्याचे दावे नाकारण्यात गेली, अशी वाक्यं मला आपोआप सुचतात.

दशरथ आला. उल्कानं विचारलं. तो म्हणाला, "ताई, मी नाय घातलं." मग त्यानं माझ्याकडे एकदा पाहिलं. मी वर्तमानपत्राचं पान उलटलं. तो टेबलफॅन उचलून गेला.

इथंच थांबलो असतो तरी निभावलं असतं. पण शेजारच्या कौशल्याबाईंनी विचारलं, झाडं कशानं गेली हो? आणि सेक्रेटरीचा हात शिवशिवला. आमच्या सोसायटीत पाटी लावल्याशिवाय कुठली गोष्ट झाली असं मानतच नाहीत. जिन्यात थुंकू नये यावरच माझ्या चार पाट्या आहेत आणि लोक त्यांचे फोटो काढून नेतात. मी फलकावर आणि ग्रुपवर लिहिलं: 'सर्व सभासदांस सूचना. माळी दशरथ बबन हिंगणे, राहणार हडपसर, यांच्या अतिउत्साहामुळे नऊ दुर्मिळ झाडे दगावली आहेत. ज्यांना आपल्या झाडांचे वजन वाढवून अंत्यविधी करावयाचा असेल त्यांनी यांना अवश्य बोलवावे.' खाली त्याचा मोबाइल नंबर. उल्का म्हणाली, एवढं कशाला? पण मी गप्प बसलो असतो, तर तिला शंका आली असती.

विनोद चांगला जमला होता. तो शेजारच्या सोसायटीत गेला, तिथून पुढच्या. दशरथकडे सात सोसायट्यांची कामं होती. मे महिन्यात वॉचमनकडून कळलं की पाच सुटली.

त्यानंतर मला खताजवळ उभं राहवेना. चाळणी हातात घ्यायचो आणि तशीच परत ठेवून द्यायचो. दहा-बारा दिवस असे काढले आणि एका दुपारी जेवताना उल्काला सगळं सांगून टाकलं. तिनं ताट बाजूला सारलं. म्हणाली, "मला सांगून काय उपयोग? पाटी लावलीत ना? पाटीच लावा."

मी दोन तास खपून मजकूर लिहिला. आयुष्यात इतकं मनापासून काही लिहिलं नव्हतं. चूक माझीच होती, अहंकार माझा होता, झाडाला न मागता दिलेलं प्रेमही मारतं, अशी वाक्यं त्यात होती. फलकावर लावला, ग्रुपवर टाकला. तासाभरात एकसष्ट जणांनी अंगठे आणि जोडलेले हात पाठवले. 'केवढं मोठं मन, काका.' 'असा प्रांजळपणा आज दुर्मिळ.' सोसायटीचा वार्षिक अंक काढणाऱ्या दत्तप्रसादनं तो मजकूर अंकात घ्यायचं ठरवलं. मला बरं वाटलं. त्याचीही आज लाज वाटते, पण वाटलं होतं हे खरं.

दशरथ त्या ग्रुपवर नव्हताच. म्हणून मी हडपसरला गेलो. एका नर्सरीत तो रोजंदारीवर काळ्या पिशव्यांत माती भरत होता. मला पाहून उठला आणि बसायला पालथी बादली दिली. मी म्हणालो, "दशरथ, चूक माझी होती. मी सगळ्यांना तसं कळवलंय."

"मला ठाऊक हाय, साहेब. पान दाबलं त्याच दिवशी कळलं होतं मला."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमच्याच घरात तुमच्याबद्दल बोलायचं? तुम्ही समोर बसला होता की."

मी मोबाइल काढला. त्यानं हात पुसले. "वाचा," म्हणाला.

मी वाचलं. अहंकाराचं वाचलं, प्रेमाचं वाचलं. शेवटचं वाक्य होतं, 'या प्रकरणी माळ्याचा काही दोष नव्हता.' तो पुढं काही येईल म्हणून थांबला.

"झालं?"

"झालं."

"आधीच्या पाटीत माझं नाव होतं," तो म्हणाला. "बापाचं होतं, गावाचं होतं, फोनचा नंबर होता. ह्यात कुटं हाय?"

मी खालपासून वरपर्यंत मजकूर पुन्हा पाहिला. माझं नाव तीनदा होतं, उल्काचं एकदा, कौशल्याबाईंचंही होतं. त्याचं नव्हतं.

दशरथ परत खाली बसला आणि पुढची पिशवी भरायला घेतली.