पडद्यावरचा डोंगर

परवा शाळेत जुना पडदा टांगला. चोपन्न-पंचावन्न साली आमच्या जत्रेतल्या नाटकाला केलेला, डोंगराचा. मास्तर पोरांना सांगत होते, बारामतीच्या पेंटरची ही कला बघा. माझं डोकंच फिरलं. कसली पेंटरची? तो डोंगर माझ्या बायकोनं काढलाय. ती जाऊन आठ महिने झाले आणि आता मी बोलतोय. बोलायला पाहिजे होतं तेव्हाच.

आमचं रान लासुर्ण्याच्या अंगाला. सगळं सपाट, कालव्याचा भराव हाच काय तो उंचवटा. त्या साली पेंटरनं राजवाड्याचा पडदा रंगवला आणि तापाचं निमित्त करून घर गाठलं. डोंगराचा पडदा कोराच. जत्रा आठ दिवसांवर. नाटकवाली मंडळी डोक्याला हात लावून बसली. आमची ही भोरकडची, डोंगरातली. म्हणाली, "मी काढते की." बाईमाणसानं स्टेजवर चढायचं नाही, म्हणून कापड आमच्या खळ्यात आणून अंथरलं, कडेनं दगड ठेवले. गेरू, चुना, कापडाची नीळ, चुलीची काजळी, आणि रंग धरावा म्हणून सरस. गुडघ्यांवर बसून मागं सरकत सरकत तिनं माहेरचा डोंगर काढला. बुडाशी बोटभर घर, त्याला तांबडं दार. म्हणाली, "हितं माझी आय हाय."

जत्रेच्या सकाळी पेंटर ठणठणीत होऊन हजर. ब्रश घेतला आणि नेमकं त्या घरावर ठळक काळ्या अक्षरांत आपलं नाव टाकलं. वर मला म्हणतो, "पडद्याला नाव लागतंच, पाव्हणं. का बायकोचं लिवू? समदी जत्रा वाचंल." मंडळी हसली. मीपण हसलो. म्हटलं, "लिवा तुमचंच."

घरी तिनं विचारलं, "एवढा आख्खा डोंगर होता, माझ्या घरावरच लिवलं व्हय त्यानं?"

मी म्हटलं, "गप, भाकरी वाढ."

दारात रांगोळी ती शेवटपर्यंत काढायची. डोंगर पुन्हा काढला नाही.

तर परवा मी मास्तरांना म्हटलं, "त्या नावाखाली घर हाय."

"पुरावा काय, तात्या?"

खांद्यावरचा पंचा तिथल्याच पाण्याच्या तांब्यात बुडवला आणि नाव घासलं. काळं गेलं. तांबडं दार दिसलं, आणि हात आवरेपर्यंत तेही पंच्याला लागलं. खाली नुसतं पांढरं कापड.

"तात्या, पडदा नासवला की तुमी!" मास्तर ओरडले.

म्हटलं, "त्यो तवाच नासवलाय. मी हुभा हुतो तितं."