मानेत थॉमसन, काखेत सोनाका

वडील गेले तेव्हा आमच्याकडे खचलेली आई, आम्ही तिघी बहिणी आणि गळका पत्रा एवढंच होतं. नवऱ्यानं टाकलेली आत्या राहायला आली आणि घर चालू लागलं. ओझरकडच्या द्राक्षबागांत ती बायकांची टोळी घेऊन विरळणीला जायची. घडातले दाट मणी कात्रीनं काढायचे, म्हणजे उरलेले फुगतात. सगळे तिला मुकादमीण म्हणत. थॉमसनचा गोलसर मणी असो की सोनाकाचा लांबट, चिमटीत धरला की ती माप सांगायची. बागवाल्याची पट्टी मागाहून तेच सांगायची.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर त्याच बोटांना स्वतःच्या मानेत गाठ लागली. तुरीएवढी. दुखत नव्हती. पुढं वाटाण्याएवढी झाली आणि आपोआप उतरली. उतरली म्हणून आत्या कोणाला बोलली नाही. वर्षभरात काखेत, जांघेत गाठी आल्या, तेव्हा मी तिला नाशिकला नेलं.

"केवढ्या आहेत?" डॉक्टरांनी विचारलं.

"मानेत थॉमसन, काखेत सोनाका."

डॉक्टर हसले. पट्टी लावली, मग हसले नाहीत.

गाठीचा तुकडा काढून तपासला. लिम्फोमा निघाला, म्हणजे लसिकाग्रंथींचा कॅन्सर, सावकाश वाढणारा; पण हाडांतल्या मज्जेपर्यंत पोचलेला. एवढं सांगून डॉक्टर म्हणाले, "आत्ता औषध नको. त्रास नाही, रक्त चांगलं आहे. तीन-तीन महिन्यांनी दाखवा."

मी बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला होते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मीच पहिली, त्याचा माज होता. डॉक्टरांशी भांडले. परत येताना एसटीत आत्याला म्हटलं, कॉलेज सोडते, टोळी मी सांभाळते, तू घरी बस.

"डाक्टर थांबलाय, मी बी थांबते. तू कशापायी थांबती गं? तुमच्या तिघींच्या डिग्र्या बघितल्याबिगर मी जायची नाय. आन् तुझी कात्री पायलीय मी. घडाचा सत्यानाश करशील."

दोन हंगाम ती तशीच बागेत गेली. मग घामानं अंथरूण भिजू लागलं, वजन उतरलं, गाठी फुगल्या. तेव्हा कुठं दर तीन आठवड्यांनी सलाईनमधून औषध सुरू झालं. केस गेले, पण दुसऱ्याच फेरीनंतर मान मोकळी झाली. मी पेढे आणायला निघाले तर डॉक्टरांनी थांबवलं. म्हणाले, "औषध वाढत्या पेशी मारतं. हा आजार सुस्त आहे. झोपलेल्या पेशी वाचतात, म्हणून तो परत येतो. आला की पुन्हा औषध द्यायचं."

"म्हंजी जागा हाय त्याला मारायचं आन् झोपल्याला सोडायचं?" आत्या म्हणाली. "माझ्या टोळीत उलटं हाय, सायेब."

माझी पदवी तिनं डोक्याला रुमाल बांधून पाहिली. आजार चार वर्षांनी परतला, औषधानं पुन्हा वाकला. मधलीची पदवी झाली. नंतर दोनच वर्षांनी आजार पुन्हा आला. धाकटी शेवटच्या वर्षाला असताना आत्यानं माझा हात धरून गळ्याजवळच्या नव्या गाठीशी नेला.

"ही आपली नाय. हिला घाई हाय."

मला काही वेगळं लागलं नाही. तपासणीत निघालं, आजारानं जात बदलली होती. आता तो झपाट्यानं वाढणारा होता. औषधं बदलली, पण गाठी फारशा हलल्या नाहीत. डॉक्टर धाकटीच्या परीक्षेची तारीख विचारायला लागले, तेव्हा मी काय ते समजले.

धाकटीनं गुणपत्रिका आणून तिच्या हातात दिली. आत्याला वाचता येत नव्हतं. तिनं कागद चिमटीत धरून पाहिला.

"लय पातळ हाय गं," म्हणाली, आणि उशाखाली ठेवला.

त्या वर्षीची ऑक्टोबरची छाटणी व्हायच्या आत ती गेली. आम्ही तिघी बहिणी पदवीधर आहोत.