यमाच्या वाटणीची शितं

माझ्या लग्नात रुखवत मांडलं तेव्हा वरपक्षाची माणसं एकमेकांकडे बघू लागली. मण्यांचं तोरण नाही, साखरेचं तुळशीवृंदावन नाही, कापसाची बाहुली नाही. मधोमध एक काचेची पेटी. तळाला नदीची वाळू, वाळूत लावलेलं लांब पातीचं पाणगवत, आणि गवतातून फिरणारे बोटाएवढे मासे, प्रत्येकाच्या डोक्यावर चांदीचा ठिपका. पत्र्याची चौकट भावाने करून आणली होती, काचा मी स्वतः फटींत लांबी भरून बसवल्या होत्या. आईने कपाळाला हात लावला. वरपक्षातल्या एका आत्याबाईंनी विचारलं, की मुलगी भटाची आहे की कोळ्याची. मी मान खाली घातली नाही. माझ्याविषयीचं मत तिथेच ठरलं असावं.

रेवदंड्याला, माझ्या सासरी, पेटी बैलगाडीतून आली आणि मासे कळशीतून. सासऱ्यांना आम्ही मामंजी म्हणत असू. त्यांनी पेटी ओटीवर अगदी कडेला, उन्हात ठेवायला लावली, म्हणजे रस्त्याने जाणाऱ्या-येणाऱ्याला दिसेल. आत हसायचं आणि बाहेर मिरवायचं, असा त्या घराचा रिवाज होता. मला त्याचं काही वाटलं नाही. त्या घरात माझं म्हणावं असं एक ट्रंक आणि ही पेटी एवढंच होतं.

होळी झाली आणि पाणी बिघडायला लागलं. आधी काचेवर हिरवा थर आला, मग गवताच्या पातींना केसांसारखं शेवाळ लोंबू लागलं, आणि शेवटी सगळं पाणीच अळूच्या फदफद्यासारखं झालं. मासे आहेत की गेले तेही कळेना. सासूबाईंनी मीठमोहऱ्या उतरून टाकल्या. जाऊबाईंनी तुरटी फिरवायला सांगितली, ती फिरवल्यावर मासे वर येऊन तोंड उघडू लागले. बाजाराला निघालेली कोळीण अंगणाबाहेर थांबून म्हणाली, “बाय, मासं पालतेस, मंग खात का न्हायस?” माझे यजमान मुंबईला नोकरीला. सुट्टीला आले की पेटीकडे बघून हसायचे आणि बाजू मात्र कोणाचीच घ्यायचे नाहीत. मी हट्टाने सगळं पाणी उपसून विहिरीचं ताजं भरत होते. चार दिवसांत ते पुन्हा हिरवं होई. रडू यायचं, पण रडले तर हे लोक जिंकतील या रागाने मी रडत नसे.

उत्तर वाडीतच पडलं होतं. आमच्या नारळी-पोफळीच्या वाडीत रहाट होता. रहाटाचं पाणी दगडी डोणीत पडायचं. डोणीचा अर्धा भाग उन्हात, तिथे शेवाळ मातलेलं. सावलीतल्या भागात तळाचा दगडही दिसायचा. एका कोपऱ्यात मात्र सावली असूनही हिरवा लगदा होता. मी तिथेच थांबून बघत राहिले. थोड्या वेळाने गड्याने बैलाची पेंडीची पाटी त्याच कोपऱ्यावर टेकवली आणि पेंडीचा चुरा पाण्यात सांडला. उन्हाचं कोडं सुटलं, खाण्याचंही सुटलं. आता माझ्या पेटीत पेंड कोण सांडतं एवढंच राहिलं, आणि ते मला चांगलं ठाऊक होतं.

मामंजी जेवायला बसले की ताटाभोवती पाणी फिरवून उजव्या बाजूला चित्राहुती घालायचे, म्हणजे यम, चित्रगुप्त यांच्या नावाने तूपभाताच्या शितांच्या लहान लहान राशी. पूर्वी जेवण झाल्यावर ते ती शितं कावळ्यांना टाकत. पेटी आल्यापासून ती मुठीत घेऊन ओटीवर येत आणि पाण्यात सोडत. मासा म्हणजे विष्णूचा पहिला अवतार, त्याला घास घातल्याचं पुण्य रोजच्या रोज, तेही उंबऱ्याबाहेर न पडता. त्यांचं बघून थोरल्या दिरांनी सुरुवात केली. मग पाहुणे घालू लागले. मासे चार शितं खात, बाकीची वाळूत कुजत आणि वर तुपाचा तवंग येई.

सून सासऱ्यांशी थेट बोलत नसे. मी सासूबाईंकरवी निरोप दिला, एकदा नाही, अनेकदा. तो पोचला की नाही कोण जाणे. शितं येतच राहिली. शेवटी एका दुपारी मामंजी मूठ घेऊन आले तेव्हा मी पेटीवर सूप उपडं घातलं आणि बाजूला उभी राहिले.

“मामंजी, ही शितं तुम्ही मंत्र म्हणून यमाला घातलीत. यमाचं यमाला द्या. माझ्या माशांना नको.”

 मामंजी माझ्याशी बोलले नाहीत, आत वळून सासूबाईंना म्हणाले, “वैशाखात माझी साठीची शांत आहे. तोवर पाणी निवळलं नाही तर ही पेटी वाडीत फोडून टाकीन. सांग तुझ्या सुनेला.”

गंमत बघा. ते दिवस मिठाचे होते. किनाऱ्याकिनाऱ्याने लोक कायदा मोडून मीठ उचलत होते, आणि आमच्या ओटीवर मामंजी वर्तमानपत्र मोठ्याने वाचून म्हणत, अन्यायाला तोंडावर नाही म्हणावं ते असं. सरकारला नाही म्हटलं की देशभक्ती, सासऱ्याला नाही म्हटलं की उद्धटपणा. मी आतून ऐकत होते आणि मनातल्या मनात दात ओठ खात होते.

मग मी कामाला लागले. पेटी ओटीच्या आतल्या भिंतीला हलवली, उन्हाच्या बाजूला गोणपाट बांधलं. झाडूतला हीर, म्हणजे नारळाच्या पातीची काडी, घेऊन गवतात फिरवला की केसाळ शेवाळ त्याला सुतासारखं गुंडाळून येई. डोणीतल्या बारक्या गोगलगाई आणून काचेवर सोडल्या. तळ्यातून आणखी पाणगवत आणून दाटीने लावलं, कारण गवत वाढलं तर शेवाळाला खायला उरणार नाही असा माझा हिशेब होता. पाणी उपसणं बंद केलं. खाणं म्हणजे डोणीतल्या डासांच्या अळ्या, त्याही चिमूटभर. आणि पेटीवर सूप कायम.

सुरुवातीला सगळं आणखी बिघडलं. मेलेल्या शेवाळाने पाणी काळपट झालं, वास येऊ लागला, एक मासा मरून उताणा तरंगला. जाऊबाई म्हणाल्या, उपाशी मारलास. त्या दिवशी मी न्हाणीघरात जाऊन रडून घेतलं, तोंड धुतलं आणि बाहेर येऊन हीर हातात घेतला. शांतीच्या काही दिवस आधी तळाची वाळू दिसू लागली. शांतीच्या सकाळी पाणी इतकं स्वच्छ होतं, की पेटीत पाणीच नाही असं समजून एका पाहुण्याने तिच्यावर उपरणं टाकलं.

जेवणं उरकली. मामंजी पाहुण्यांना घेऊन पेटीपाशी आले, त्यांनी वरचं सूप बाजूला काढलं आणि ते सांगू लागले, की हे मासे रोज त्यांच्या हातचा घास खातात, त्या पुण्याईने पाणी कसं गंगेसारखं आहे बघा. झालं. ज्याच्या त्याच्या मुठीत शितं. सगळी पंगतच रांग लावून उभी राहिली, पुढे मामंजी. मी आतून आले आणि पेटीला पाठ लावून उभी राहिले.

“सूनबाई, बाजूला हो.”

“नाही होणार.”

 तेवढ्यात सासूबाई आल्या, त्यांनी मोठं ताट पाहुण्यांपुढे धरलं आणि शांतपणे म्हणाल्या, की आज शांतीचा दिवस, घास गाईला जायला हवा. यजमानीणबाईंनी ताट पुढे केल्यावर नाही कोण म्हणणार? एकेकाने शितं ताटात टाकली. शेवटी मामंजींनी टाकली. सासूबाईंनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, ताट घेऊन गोठ्याकडे गेल्या. तेव्हा मला कळलं की माझे निरोप त्या वेळच्या वेळी मामंजींना पोचवत होत्या.

पेटी फुटली नाही. मामंजी शब्दाचे पक्के होते, एवढं मी कबूल करते. पण त्यानंतर ते माझ्याशी अवाक्षर बोलले नाहीत. तहान लागली तरी समोर उभ्या असलेल्या मला नाही, आतल्या सासूबाईंना सांगत.

पुढे काही वर्षांनी शेजारचे वाडीवाले तक्रार घेऊन आले, की त्यांच्या हौदात सारखं शेवाळ येतं. मी माजघरात तांदूळ निवडत होते. मामंजी अधिकाराने म्हणाले, “पाणी काय बदलता? आधी त्यात खायला कोण घालतंय ते बघा.”

मी सूप खाली ठेवलं, ओटीच्या दारात गेले आणि परक्या माणसांदेखत म्हणाले, “हे मी सांगितलं होतं.”

मामंजींनी मान वळवली नाही. आत तोंड करून सासूबाईंना हाक मारली आणि म्हणाले, “सांग तिला, तेव्हाच ऐकू आलं होतं.”