कासाराने पारखलेलं विमान

बाजाराच्या दिवशी आमच्या शाळेच्या ओसरीवर बसणारा कासार बांगडीकडे आधी बघायचाच नाही. नखाने टिचकी मारून ती कानाशी धरायचा आणि 'हं' म्हणायचा. त्याचा 'हं' मिळालेली बांगडी गेवराईतल्या बायका डोळे मिटून भरून घेत.

एकदा माझ्या भावाने हैदराबादहून शाळेतल्या मुलींसाठी खेळण्यातलं विमान पाठवलं. खोक्यातले सुटे भाग आपण जोडायचे. सोबत चिठ्ठी होती: माल हलका वाटला तर दुसऱ्या दिवशीच्या मोटारीने परत पाठव, दुकानदार बदलून देईल. पण ते ना लाकूड, ना पत्रा. पारखायचं कसं, मला कळेना. मी खोका कासारापुढे ठेवला.

त्याने टिचक्या मारल्या, वास घेतला, दोन भाग जुळवून फटीत केस जातो का पाहिलं.

"लई साफ काम हाय, बाई," म्हणाला, आणि त्याने शेपूट कटकन मोडलं.

"अहो, हे काय केलंत!"

"कावून? डझनातली एक मोडल्याबिगर बाकीच्या कशा कळायच्या?" मोडलेली कड त्याने उन्हात धरली. "हं. अस्सल माल. ठिवून घ्या."

"शेपूट एकच होतं, मामा."

त्याने खोक्यात डोकावून पाहिलं. मग शेगडी पेटवली, लाख वितळवली आणि शेपूट चिकटवून दिलं.

वर्षभरात मुलींच्या हातून विमानाची चाकं गेली, एक पंख गेला. लाखेचा तांबडा सांधा मात्र हलला नाही. माल कसा निघाला, असं भावाने विचारलं. मी दोनदा कार्ड लिहायला घेतलं आणि दोन्ही वेळा फाडलं.